लंगडा ठेका

म्युझिक छान आहे, म्हणे! तो माणूस माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, माझ्या हातचा चहा पीत हे बोलला. बोलताना त्याच्या बुटाचं टोक तालावर हलत होतं. ते टोक आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. हातात कात्री असली तर आधी खाली ठेवते, मगच पुढचा विचार करते. कारण तो बूट कशावर हलत होता ते मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं.

पण मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय कळणार? आधी माझ्या भावाचं सांगते.

माझा भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करतो, ते पोटासाठी. उरलेल्या वेळात सिनेमे काढतो, ते का काढतो हे देवाला माहीत. खाली माझं शिवणकामाचं दुकान, वर त्याची खोली. खोली म्हणजे काय, तर दोन कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, भिंतीला आवाज घुमू नये म्हणून चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, आणि खिडकीला माझ्याच दुकानातला जाड काळा कापडी पडदा. ते कापड तो मला न विचारता घेऊन गेला होता. एका गिऱ्हाइकाचा कोट होणार होता त्याचा!

त्याने आजवर बरेच सिनेमे काढले. एक रस्ते झाडणाऱ्या बायकांवर, एक जुने पंखे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यावर. मी, शेजारची दोन माणसं आणि स्वतः तो पंखेवाला, एवढा प्रेक्षकवर्ग. म्हातारा तर बघता बघता झोपला. पण माझ्या भावाचं एकच स्वप्न. आपला सिनेमा एकदा खऱ्या मोठ्या पडद्यावर लागावा आणि ज्यांच्यावर काढलाय ते सगळे समोर खुर्च्यांवर बसलेले असावेत. मी म्हणायचे, "अरे, आधी पायातल्या चपला बदल, मग पडद्याचं बघू." तो हसायचा. त्याला चिडवून काही उपयोग नसतो, चिडतच नाही मेला. चिडायचं सगळं काम घरात माझ्याकडे आहे.

मग त्याला आमच्या वस्तीतल्या पोरांना सिनेमा शिकवायची हुक्की आली. कॉलेज सुटलेली, काम न मिळालेली, कोपऱ्यावर उभी राहून मोबाइलमध्ये तोंड घालणारी ही पोरं. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण आला, तो फोन चार्ज करायला. त्याच्या फोनवर रॅप वाजत होतं. ते तडातडा बोलल्यासारखं गाणं असतं ना, ते. माझा भाऊ म्हणाला, "हे तुला येतं?" पोरगा म्हणाला, "येतं की." भाऊ म्हणाला, "मग उद्या दोस्तांना घेऊन ये. आपण सिनेमा काढू, आणि त्यात सगळे बोलतील ते असंच बोलतील." तिसऱ्या दिवसापासून माझा जिना दणदणायला लागला. माझ्या भावाला तालाचं काडीचं ज्ञान नाही, टाळी द्यायला सांगितलं तर दोन टाळ्यांच्या मधली जागा शोधून तिथे वाजवतो. पण पोरं त्याला कॅमेरामामा म्हणायला लागली आणि मला मावशी. नातं जुळलं ते असं.

मामाने एकच नियम घातला. गाण्याखालचा ठेका विकतचा किंवा इंटरनेटवरून उचललेला चालणार नाही. ठेका घरून आणायचा. बापाच्या कामावरून, आईच्या कामावरून, आपल्या दारातून. जिथून आणाल तिथला आवाज जसाच्या तसा, धुऊनपुसून नाही. "तुमचे शब्द कुणीही चोरेल," तो म्हणायचा, "तुमच्या घरचा आवाज कुणाला चोरता यायचा नाही." एकाने बापाच्या दुकानाचं शटर आणलं. एकाने बहिणीच्या टाइपिंगचा आवाज आणला. माझ्या शिलाई मशीनवर तर तीन गाणी झाली. मी मधेच दोरा तुटला म्हणून शिवी घातली तीसुद्धा एका गाण्यात आहे, आणि पोरं म्हणतात तोच सगळ्यात भारी भाग आहे.

आणि फटकळ. ही पोरगी पहिल्यांदा जिना चढून आली तेव्हा वर जायच्या आधी माझ्या दुकानात डोकावून म्हणाली, "मावशी, तुमच्या बोर्डावर 'फिटिंगची खात्री' लिहिलंय, आणि बाहेरच्या पुतळ्याला घातलेला ड्रेसच ढगळ आहे." मी म्हटलं, "फटकळच आहेस गं!" तिला ते एवढं आवडलं की तिने तेच नाव लावलं. तिच्यासारखी बोलणारी मी दुसरी पाहिली नाही. श्वास कधी घेते कळत नाही, पण प्रत्येक अक्षर टणटणीत.

तिची आई लाँड्रीत कामाला. घरगुती कपड्यांची लाँड्री नव्हे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी ट्रकने येतात, ट्रकने जातात, असली मोठी लाँड्री. अर्ध्या वस्तीच्या बायका तिथेच जातात. तिथे ओल्या चादरींतलं पाणी पिळून काढायचं एक उभं मशीन आहे, वरून झाकणाचं, आत पिंप गरगर फिरतं. झाकण लागलेलं असलं तरच ते फिरायला हवं आणि झाकण उघडलं की थांबायला हवं. त्यासाठी झाकणाला एक खटका असतो. फटकळची आई त्या मशीनवर होती. फटकळ एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचा डबा घेऊन गेली, चादरींच्या ढिगावर बसली आणि मामाचा रेकॉर्डर मशीनसमोर धरून आवाज भरून आणला.

तो आवाज खोलीत वाजला तेव्हा पोरं वेडीच झाली. धडधड, धडधड, धड... खट्! धडधड, धडधड, धड... खट्! तो 'खट्' हवा तिथे यायचाच नाही, जरा उशिराने यायचा. पोरांनी त्याला नाव दिलं, लंगडा ठेका. फटकळने त्यावर आईला चिडवणारं गाणं केलं होतं, आई डबा विसरते, किल्ली विसरते, पोरीला मात्र एक गोष्ट विसरू देत नाही, असलं काहीतरी. आई ऐकायला आली होती. तोंडावर पदर धरून हसली. म्हणाली, "अगं, हे आमच्या मेल्या मशीनचं झाकण आहे. लागतच नाही, सारखं उडतं. मी किती वेळा सांगितलं मुकादमाला."

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. झाकण उडालं, पिंप फिरत राहिलं, चादरीचं टोक आईच्या हाताला गुंडाळलं गेलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बोटं गेली ते गेलीच. पण त्यानंतर जे झालं त्याने माझं रक्त उकळलं. मुकादमाने सगळ्या बायकांना मशीनभोवती उभं केलं आणि सांगितलं, "बघा. कामात गप्पा मारल्या की असं होतं. मशीन ठणठणीत आहे. हिचं लक्ष नव्हतं." बाई दवाखान्यात, आणि हा तिच्या जागेवर उभा राहून भाषण ठोकतोय! कामावरूनही काढलं, निष्काळजी म्हणून. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? तिला ते पटलं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं, की ती बाई माझ्या दुकानात बसून हात पदराखाली लपवून म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं हो, ताई." मी म्हटलं, "अहो, झाकण लागत नाही हे तुम्हीच तर सांगत होता!" तर म्हणते, "कुणास ठाऊक. लागलं असेल तेव्हा. मीच उघडलं असेल."

फटकळने आधीचे चेष्टेचे शब्द फेकून दिले. ठेका तोच ठेवला आणि नवे शब्द लिहिले. मामाला म्हणाली, "मला बाकी काही नको. हे आईने चारचौघांत ऐकलं पाहिजे. तिचं लक्ष होतं, हे तिला सगळ्यांसमोर ऐकू आलं पाहिजे." मामाने तिला लाँड्रीच्या मागच्या भिंतीपाशी उभं केलं आणि चेहरा जवळून घेतला, एका दमात. पोरीची पापणीसुद्धा हलली नाही. तिच्या जॅकेटची बाही उसवली होती ती शिवायला मी गेले होते, पण मला सुई ओवता येईना.

सिनेमा तयार झाला. सगळ्या पोरांची गाणी, सगळ्यांच्या घरचे ठेके, एकात एक गुंफलेले. आणि नशीब बघा, युवक केंद्राच्या सभागृहात मोठा पडदा नवा बसवला होता, त्याच्या उद्घाटनाला काहीतरी दाखवायचं होतं. केंद्रप्रमुख साहेबांना कुणीतरी मामाचं नाव सांगितलं. माझा भाऊ त्या दिवशी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला. पोरांनी नातेवाइकांना कळवून टाकलं. नंतर समजलं की पडदा आणि खुर्च्या दिल्या होत्या लाँड्रीच्या मालकाने, आणि पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत तोच बसणार होता.

केंद्रप्रमुख आधी बघायला आले. तेच ते बुटवाले. गाणी आवडली, मान डोलावली, "आजच्या तरुणाईची ऊर्जा" वगैरे म्हणाले. मग फटकळ आली पडद्यावर. साहेबांची मान थांबली. गाणं संपल्यावर म्हणाले, "हे काढावं लागेल."

भाऊ म्हणाला, "का?"

"अहो, का काय? दाता समोर बसणार. उद्घाटनाचा कार्यक्रम आहे, भांडणाचा नाही. पोरांना प्रेरणा मिळाली पाहिजे. ही तर नुसती तक्रार आहे."

भाऊ बराच भांडला. त्याच्या मानाने बराच. शेवटी साहेब म्हणाले, "हे बघा, हे असंच राहणार असेल तर आपण दुसरं काही दाखवू. जादूचे प्रयोगवाले तयार आहेत." इतक्या पोरांचं काम, सगळ्यांचे आईबाप येणार, आणि हा म्हणतो जादूचे प्रयोग! माझ्या भावाने ते गाणं काढायला माउस हातात घेतला. मी चहा घेऊन वर पोचले ती नेमकी तेव्हा. साहेब मोठ्या मनाने सांगत होते, "सगळं नका काढू. मुलगी दिसू द्या, चांगली दिसते. शब्द तेवढे काढा. म्युझिक राहू द्या. म्युझिक छान आहे, आपोआप पाय हलतो."

आणि त्यांनी ते परत लावायला सांगितलं, आणि पाय हलला. धडधड, धडधड, धड... खट्! ज्याने त्या बाईची बोटं खाल्ली त्या झाकणावर बूट ताल धरत होता. त्यांना वाटलं असणार, कॉम्प्युटरमधून येतं हे सगळं, बटण दाबलं की. आवाज कुठून आला, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी दात-ओठ खाऊन कपबशा उचलल्या. आणि भावाने माझ्यादेखत शब्द काढले.

साहेब गेल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. "तुला लाज नाही? पडदा मिळाला की झालं तुझं? त्या पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंस तू!" तो वायरी गुंडाळत बसला. एवढंच म्हणाला, "ठेका तरी राहिला ना, ताई." मी म्हटलं, "ठेक्याला काय चाटायचंय?"

फटकळला त्याने स्वतः सांगितलं, एवढी तरी हिंमत केली. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "मामा, तिथे आईचं ऐकलं नाही आणि इथे माझं. दोघींनाही गप्प केलं की सगळं ठणठणीत." आणि जिना उतरून गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. आईला मात्र तिने काहीच सांगितलं नाही, कसं सांगणार?

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च. पोरांचे आईबाप होतेच, पण मागच्या सगळ्या रांगा लाँड्रीच्या बायकांनी भरलेल्या. मालक पाहुणा, खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत, म्हणून मुकादमाने अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन त्यांना आणून बसवलं होतं, टाळ्या वाजवायला! आमच्या साहेबांची आणि त्या मुकादमाची अक्कल एकाच दुकानातली असावी. फटकळची आई माझ्या शेजारी बसली होती, धुतलेलं पातळ नेसून, उजवा हात पदरात. लेक मोठ्या पडद्यावर दिसणार म्हणून आली होती. फटकळ येणार नाही म्हणाली होती.

सिनेमा छान चालला. शटरला टाळ्या पडल्या, माझ्या शिवीला हशा. मग पडद्यावर लाँड्रीची मागची भिंत आली आणि फटकळचा चेहरा, एवढा मोठा. ओठ हलताहेत, आवाज नाही. नुसता ठेका. धडधड, धडधड, धड... खट्!

पुढे मालकाची मान डोलत होती. मागे मात्र कुजबुज एकदम थांबली. एवढ्या बायका एका वेळी गप्प झालेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या. आणि मग मागून एक आवाज आला, कुणाला विचारल्यासारखा. "अगं... हे आपलं मशीन ना?"

"आपलंच. झाकण बघ, झाकण!"

"हो गं! तेच!"

एक चष्मेवाली बाई उठून उभी राहिली. फटकळच्या आईला काढल्यापासून तिलाच त्या मशीनवर उभं केलं होतं. ती ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणून सगळ्यांना नीट ऐकू आलं. "हे अजून असंच वाजतं. आज सकाळीही असंच वाजत होतं. मी रोज त्यात हात घालते."

अजून! एका बाईची बोटं गेली आणि त्या हरामखोरांनी खटका बदलला नव्हता! बदलला असता तर मशीन बिघडलेलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना. म्हणून तसंच ठेवलं, आणि त्यासमोर दुसरी बाई उभी केली.

कुणीतरी म्हणालं, "पोरगी हा आवाज भरायला आली होती, ते आधी ना? अपघाताच्या आधी?" "आधी, आधी. चादरींवर बसली होती, मी उठवली तिला." मग सगळ्या बायका वळून आमच्या रांगेकडे बघायला लागल्या. माझ्या शेजारची बाई ताठ बसली होती, डोळे पडद्यावर. ठेका चालूच होता. तिने पदरातून हात बाहेर काढला, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि उभी राहिली.

"झाकण लागत नव्हतं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. माझं लक्ष होतं."

केंद्रप्रमुख ओरडत धावले, "बंद करा, बंद करा!" पण सिनेमा लावणाऱ्या पोराने ऐकू न आल्याचं सोंग घेतलं. आणि तेवढ्यात मागच्या दारापाशी फटकळ सुरू झाली. आली होती तर मेली! अंधारात उभी होती. माइक नाही, काही नाही. पहिल्या ओळीला पडद्यावरचे ओठ पुढे गेले, दुसऱ्या ओळीला तिने त्यांना गाठलं.

झाकण लागत नव्हतं, सांगत होती आई,
मुकादम म्हणाला, चालव, मला घाई!
डाग धुतले चादरींचे, पांढऱ्या केल्या साऱ्या,
तिच्यावरचा डाग कोण धुणार, सांग कारभाऱ्या!

बायका खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत होत्या. आणि तो 'खट्' त्या बरोबर उशिराने मारत होत्या, एकही चुकली नाही. माझा भाऊसुद्धा मारत होता आणि तोही चुकला नाही, हे मी स्वतः पाहिलं. मालक मधूनच उठून गेला. जाताना आपणच दिलेल्या खुर्चीला अडखळला.

आता लोक म्हणतात, मामाने काय डोकं लढवलं! शब्द काढले आणि ठेका ठेवला, मुद्दाम! मी एकदा त्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, "नाही गं, ताई. घाबरलो होतो मी. एवढी माणसं येणार होती, पडदा हातचा जाईल म्हणून घाबरलो." फटकळलाही त्याने हेच सांगितलं. तिने लगेच माफ केलं नाही, आणि मी म्हणते, कशाला करायचं? आधी समोर बसून त्याच्याकडून सगळे शब्द जिथल्या तिथे परत लावून घेतले, मग विचारलं, "मावशी, चहा आहे का?" आता तो सिनेमा शब्दांसकट फिरतो, लोक बोलावतात. केंद्राच्या सभागृहात मात्र आम्हाला प्रवेश नाही. राहू दे त्यांचा पडदा त्यांच्याकडे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीतल्या एकाही बाईने त्या मशीनचं बटण दाबलं नाही. मुकादम ओरडला, धमक्या देऊन झाल्या. बायका मशीनभोवती गोल उभ्या राहिल्या, जशा त्याने त्या दिवशी भाषणाला उभ्या केल्या होत्या तशाच. बाहेर ट्रक खोळंबले. शेवटी मेकॅनिकला बोलवावं लागलं.

चष्मेवालीने मला सगळं सांगितलं. तिने मेकॅनिकसाठी चहा ओतून बाजूला ठेवला होता, काम झाल्यावर घ्या म्हणून. त्याने झाकण उघडलं, जुना खटका काढला, मुठीत मावेल एवढा, नवा बसवला, दोनदा उघडमीट करून पाहिलं, हात पुसले आणि कप उचलला. चहा अजून गरम होता.